वनस्पती जाळल्याने होणारा धूर व त्याचे मोजमाप

वनस्पती जाळणे ही उष्ण प्रदेशातील शेतीची फार जुनी रीत आहे. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. डोंगरउतारांवर पूर्वी कुमरी, दळी अशा नावांनी जंगलाचा तुकडा तोडून व जाळून त्यावर नाचणी-वरीचे पीक घेत असत. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट ह्या भागांत मोहफुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन स्वच्छ करण्याची वहिवाट आजही पुष्कळ ठिकाणी आढळते. ह्या सर्व रीतींत शेतकऱ्याचे लक्ष खाली उरणाऱ्या राखेकडे किंवा मोकळ्या झालेल्या जमिनीकडे असते. परंतु गाडीभर टहाळे जाळले असता राख उरते ती दोन-चार पाट्या. लाकडाच्या वजनाच्या शेकडा एक-दोन व पानांच्या वजनाच्या शेकडा पाच ते दहा भाग एवढाच अंश राखेत राहतो. बाकीचा सर्व माल हवेत जातो.

तो कोणत्या रूपाने जातो, किती जातो आणि कोणाच्या छातीत जातो, हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. त्यासाठी मोजमापच करावे लागते. हे मोजमाप कसे करतात आणि त्यातला कोणता भाग ग्रामसेवकास व शेतकऱ्यास स्वतः करता येण्याजोगा आहे, ह्याची माहिती पुढे दिली आहे.

धुरात काय असते

सुकलेल्या वनस्पतीच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. आग चांगली भडकून जळते तेव्हा हा कार्बन हवेतील प्राणवायूशी पूर्णपणे संयोग पावून कार्बन डाय-ऑक्साइड होतो. आग धुमसते तेव्हा प्राणवायू पुरेसा मिळत नाही, उष्णताही कमी पडते आणि कार्बनचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, नाना प्रकारची तेलकट बाष्पे व अतिसूक्ष्म कण ह्या रूपांत बाहेर पडतो. डोळ्यांना दिसतो तो धूर म्हणजे हे कण होत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो श्वासावाटे रक्तात जाऊन प्राणवायूची जागा अडवितो. आगीजवळ दिवसभर राबणाऱ्या माणसाचे डोके जड होते, मळमळते, ह्याला उन्हाइतकाच हा वायूही कारण असू शकतो.

कणांमध्ये अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण विशेष अपायकारक असतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग एवढा त्यांचा आकार असतो. ते नाकात किंवा घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. लाकूड-पाल्याच्या धुरातील बहुतेक कण ह्याच जातीचे असतात. म्हणून ‘हा आपल्या रानचा धूर, कारखान्याचा नव्हे’ अशी समजूत करून घेणे बरोबर नाही.

ह्याखेरीज धुरातील नत्राचे वायू आणि तेलकट बाष्पे ह्यांवर ऊन पडले की वाटेत ओझोन तयार होतो. उंच आकाशातील ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून संरक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र माणसाच्या श्वासनलिकेस व पिकांच्या पानांस इजा करतो.

अभ्यासास सुरुवात कोठे झाली

उष्ण कटिबंधातील अरण्यांच्या धुराचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात झाला आहे. तेथील ॲमेझॉन खोऱ्यात जून ते ऑक्टोबर हा सामान्यतः कोरडा ऋतू असतो. रोन्दोनिया, मातो ग्रोसो ह्या प्रांतांत त्या ऋतूच्या आरंभी जंगल तोडून आडवे करतात, दोन-तीन महिने उन्हात वाळू देतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पेटवून देतात. तेथील पोर्तुगीज भाषेत ह्या जाळण्यास ‘केइमादा’ म्हणतात. रीत आपल्या कुमरीसारखीच. भेद आहे तो विस्ताराचा आणि हेतूचा. कुमरीची जमीन काही वर्षे पीक देऊन पुन्हा रानाकडे जात असे. ॲमेझॉनमध्ये जाळलेल्या जमिनीचा मोठा भाग गुरांच्या कुरणासाठी किंवा सोयाबीनसाठी कायमचा मोकळा केला जातो.

पॉल क्रुट्झन ह्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील एका वणव्याच्या धुराचे नमुने तपासून १९७९ मध्ये असे दाखविले की, वनस्पती जाळल्याने निघणारे वायू जगाच्या हवेच्या हिशेबात नगण्य नाहीत. लगेच १९७९ व १९८० च्या कोरड्या ऋतूंत संशोधकांची विमाने ब्राझीलच्या जळत्या अरण्यांवरून नेण्यात आली. रिकाम्या डब्यांत हवा भरून घेऊन तिची प्रयोगशाळेत परीक्षा झाली. वस्तीपासून व कारखान्यांपासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या मुलखाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड व ओझोन ह्यांचे प्रमाण मोठ्या औद्योगिक प्रदेशांशी तुलना करता येईल इतके आढळले. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे धुराडी व मोटारी एवढाच समज होता. क्रुट्झन ह्यांना पुढे १९९५ मध्ये ओझोनविषयक संशोधनाबद्दल दोन अन्य शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲमेझॉनचा धूर किती लांब जातो ह्याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १९ ऑगस्ट २०१९ रोजी साओ पाउलो ह्या महानगरात दुपारी तीनच्या सुमारास अंधारून आले. दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. थंड वाऱ्याबरोबर आलेले ढग आणि शेकडो कोसांवरील आगींचा धूर ह्यांचा तो मिलाफ होता.

चार आकड्यांचा गुणाकार

एखाद्या प्रदेशातील आगींनी हवेत किती द्रव्य सोडले हे काढण्याची मूळ रीत क्रुट्झन व त्यांचे सहकारी झायलर ह्यांनी १९८० मध्ये मांडली. ती शेतकऱ्यास सहज समजण्यासारखी आहे. क्षेत्र किती जळले, दर हेक्टरी सुका माल किती होता, त्यातला कितवा हिस्सा खरोखर जळाला आणि जळलेल्या दर किलोमागे कोणता वायू किती ग्रॅम निघाला, ह्या चार आकड्यांचा गुणाकार केला की उत्तर मिळते. गुणाकार सोपा आहे, पण चारही आकडे मिळविण्यास घाम गाळावा लागतो.

हेक्टरी माल मोजण्यासाठी तोडलेल्या जंगलात आग लावण्यापूर्वी ठरावीक मापाचे चौकोन आखतात. पाने व काटक्या गोळा करून तराजूवर तोलतात. मोठे ओंडके तोलणे शक्य नसते, म्हणून जमिनीवर सरळ दोरी ताणून तिला आडवे येणारे प्रत्येक लाकूड मोजतात व त्याचा व्यास घेतात. त्यावरून घनफळ व वजन निघते. आग विझल्यावर त्याच जागी पुन्हा मोजणी होते. अशा मोजण्यांत ॲमेझॉनच्या मूळ अरण्यात हेक्टरी सुमारे ३०० ते ४०० टन सुका माल आढळला आहे. परंतु त्यातला एका आगीत जळून जाणारा हिस्सा शेकडा २० पासून ५५ पर्यंत बदलतो. पाने व बारीक फांद्या जवळजवळ पूर्ण जळतात, जाड खोडे मात्र नुसती काळी पडून राहतात. पेटविण्यापूर्वी माल किती वाळला होता आणि आदल्या आठवड्यात पाऊस पडला होता का, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. दुरून सगळे रान जळाल्यासारखे दिसले तरी तराजू वेगळी हकीकत सांगतो.

एक हेक्टराचा हिशेब करून पाहू. माल ३५० टन धरला व त्यातला शेकडा ४० जळाला, तर १४० टन जळाले. उष्ण प्रदेशीय जंगलाच्या आगीत दर किलो सुक्या मालामागे सुमारे १,५८० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड, १०४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड व ९ ग्रॅम अतिसूक्ष्म कण निघतात असे अनेक मोजमापांच्या सरासरीवरून २००१ मध्ये ठरविण्यात आले. त्या हिशेबाने एका हेक्टरातून सुमारे २२१ टन कार्बन डाय-ऑक्साइड, साडेचौदा टन कार्बन मोनॉक्साइड आणि सव्वा टनाहून अधिक कण हवेत गेले. एक किलो मालातून दीड किलोहून अधिक वायू कसा निघाला अशी शंका कोणी घेईल. वनस्पतीतील कार्बन हवेतील प्राणवायूस बरोबर घेऊन जातो, त्या प्राणवायूचे वजन ह्यात मिळालेले असते.

दर किलोमागचा आकडा कसा काढतात

चार आकड्यांपैकी शेवटचा आकडा काढण्याची युक्ती विशेष समजून घेण्यासारखी आहे. जळत्या रानाखाली तराजू ठेवता येत नाही आणि सगळा धूर पिशवीत भरून घेता येत नाही. मग किती मालापासून किती वायू निघाला हे कळावे कसे? त्याचे उत्तर असे की, मालाचे वजन धुरातच लिहिलेले असते. जळालेला कार्बन कोठे ना कोठे गेलाच पाहिजे, आणि तो बहुतेक सगळा दोन वायूंत जातो. म्हणून धुरातील ह्या दोन वायूंचे प्रमाण कळले की हिशेब जुळतो.

समजा, आगीपासून दूर स्वच्छ हवेत दहा लाख भागांत ४२० भाग कार्बन डाय-ऑक्साइड व फक्त ०.१ भाग कार्बन मोनॉक्साइड आहे. धुरात पहिला ४७० व दुसरा ५.१ भरला. स्वच्छ हवेचा वाटा वजा केला की आगीने घातलेली भर अनुक्रमे ५० व ५ निघते. म्हणजे जळालेल्या ५५ भाग कार्बनपैकी ५० भाग पूर्ण जळाले, ५ अर्धवट. पूर्ण जळण्याचे प्रमाण शेकडा ९१. एक किलो सुक्या मालात ५०० ग्रॅम कार्बन धरला तर त्याचा अकरावा भाग, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम कार्बन, मोनॉक्साइडमध्ये गेला. प्राणवायूचे वजन मिळवून मोनॉक्साइड सुमारे १०६ ग्रॅम होतो. वर दिलेल्या सरासरीशी हे मिळते आहे.

आता हाच माल ओला असून धुमसत जळाला आणि भर ५० व साडेबारा अशी आली असे समजू. पूर्ण जळण्याचे प्रमाण शेकडा ८० वर उतरले. त्याच हिशेबाने दर किलोमागे मोनॉक्साइड सुमारे २३३ ग्रॅम होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. सूक्ष्म कणही साधारणपणे अशाच रीतीने वाढतात. भडकलेल्या आगीत हे प्रमाण शेकडा ९९ पर्यंत चढते, धुमसत्या आगीत ८० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. जाळलेला माल तोच आणि तेवढाच असूनही विषारी वायूचे वजन केवळ जळण्याच्या रीतीने दुपटीवर जाते, ही गोष्ट ह्या सगळ्या अभ्यासात शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. इंडोनेशियात १९९७ व २०१५ साली कुजक्या वनस्पतींच्या दलदली जमिनी आठवडेच्या आठवडे जमिनीखाली धुमसत राहिल्या. ज्वाळा फारशी दिसत नसतानाही शेजारच्या देशांपर्यंत धुराचे पांघरूण पसरले, त्याचे कारणही हेच.

कण मोजण्याची रीत वेगळी आहे. गाळणीचा पातळ कागद आधी नाजूक तराजूवर तोलतात. मग पंपाने ठरावीक हवा त्यातून ओढतात. मोठे कण आत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी वळसा देणारी नळी बसविलेली असते. चोवीस तासांनी कागद पुन्हा तोलतात. तासाला एक घनमीटर हवा ओढली असेल आणि कागदाचे वजन २.४ मिलिग्रॅमने वाढले असेल, तर दर घनमीटर हवेत सरासरी १०० मायक्रोग्रॅम कण होते. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांश.) कागद दमट असला तर पाण्याचेच वजन कण म्हणून मोजले जाईल, म्हणून दोन्ही वेळा तो सारख्या कोरड्या हवेत ठेवून मगच तोलतात. भारतात २००९ पासून चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा १५ आहे. पावसाळ्यात ॲमेझॉनच्या आतल्या अरण्यात सुमारे १० मायक्रोग्रॅम कण असतात, आणि आगींच्या दिवसांत त्याच मुलखात ते काही शेकड्यांवर गेल्याच्या नोंदी आहेत.

कागदावरील कण धुराचेच आहेत, रस्त्याच्या धुळीचे किंवा मोटारींचे नाहीत, हे कसे ओळखावे? राखेत पालाश असते हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. वनस्पतीच्या धुरातील सूक्ष्म कणांतही ते असते. त्याशिवाय काष्ठतंतू भाजल्यावर लेव्होग्लुकोसॅन नावाची एक शर्करा तयार होते. डिझेल जाळल्याने ती होत नाही. कागदावर ही दोन्ही सापडली की धूर रानाचाच, हे सिद्ध होते.

आकाशातून पाहणी

ॲमेझॉनचे खोरे भारताच्या दीडपटीहून मोठे आहे. तेथे चौकोन आखून व गाळण्या टांगून किती ठिकाणी पुरे पडणार? म्हणून क्षेत्राचा आकडा उपग्रहावरून घेतात. १९९९ व २००२ मध्ये सोडलेल्या दोन अमेरिकन उपग्रहांवरील यंत्रांनी वीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या आगींची दररोज नोंद केली. २०११ मध्ये सोडलेल्या उपग्रहाचे यंत्र त्याहून बारीक, सुमारे ३७५ मीटरांपर्यंतचे दाखविते. आगीतून बाहेर पडणारी उष्णता मोजून जळालेल्या मालाचे वजनही थेट काढता येते. दर मेगाजूल उष्णतेमागे सुमारे ०.३७ किलो माल, असे प्रयोगांवरून ठरले आहे. भारतात वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशाच उपग्रहांच्या आधारे राज्यांच्या वनखात्यांना आगीच्या सूचना पाठविते.

तरीही उपग्रहास सर्व दिसते असे मानू नये. तो ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारनंतर पेटवून सायंकाळी विझलेली लहान आग त्याच्या नोंदीत येत नाही. ढगांखालची दिसत नाही, आणि उंच झाडांच्या छायेखाली पाचोळ्यातून सरपटत जाणारी आगही पुष्कळदा निसटते. उपग्रहांच्या आकड्यांवरून केलेला धुराचा हिशेब आणि हवेत प्रत्यक्ष सापडलेला धूर ह्यांची ॲमेझॉनमध्ये तुलना केली तेव्हा कित्येक ठिकाणी हिशेब कमी पडला. तो जुळविण्यासाठी दीडपट ते तिपटीने वाढवावा लागला.

हवेतील एकंदर धूर तपासण्याचे आणखी एक साधन म्हणजे सूर्याकडे रोखलेले प्रकाशमापक. सूर्यप्रकाश धुराने किती मंदावला हे ते दाखविते. मातो ग्रोसोमधील आल्ता फ्लोरेस्ता येथे १९९३ पासून असे यंत्र चालविले गेले. तेथे पावसाळ्यात मापाचा आकडा ०.१ च्या आसपास असतो व आगींच्या दिवसांत एकाच्या वर जातो. एक म्हणजे माथ्यावरील सूर्याच्या थेट प्रकाशापैकी केवळ शेकडा ३७ भाग खाली पोहोचतो, दोन म्हणजे शेकडा १४ भाग. पुण्यातही अशा यंत्राने अनेक वर्षे नोंदी घेण्यात आल्या.

गावच्या पातळीवरचे मोजमाप

उपग्रह व विमाने ग्रामसेवकाच्या हाती नाहीत. तथापि चार आकड्यांपैकी पहिले तीन, म्हणजे क्षेत्र, माल व जळालेला हिस्सा, हे गावात तराजू व दोरीने मिळतात, आणि उपग्रहास जी लहान आग दिसत नाही तिचा हिशेब गावातच होऊ शकतो.

ह्यासाठी मोहाच्या रानाचे किंवा बांधावरच्या पाचोळ्याचे उदाहरण घ्यावे. कामट्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करावी. ती दहा ठिकाणी ठेवावी. ठिकाणे आधीच पावले मोजून ठरवावीत, पाचोळा दाट दिसेल तेथे चौकट टाकण्याचा मोह आवरावा. हिशेब चुकतो तो बहुधा येथेच. चौकटीतील पाला व काड्या पोत्यात भरून उन्हात वजन घटणे थांबेपर्यंत वाळवाव्यात आणि मग तोलाव्यात. एखाद्या कारणाने आग लागलीच तर विझल्यावर शेजारी पुन्हा दहा ठिकाणी न जळलेला माल राख झटकून तोलावा. मोजमापासाठी मुद्दाम जंगलात आग लावू नये. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे.

समजा, आगीपूर्वी चौरस मीटरला सरासरी ५०० ग्रॅम व नंतर १०० ग्रॅम माल भरला. म्हणजे ४०० ग्रॅम जळाला, हेक्टरी ४ टन. सुक्या गवताळ रानाच्या आगीत किलोमागे सुमारे साडेपाच ग्रॅम व दाट जंगलाच्या आगीत नऊ ग्रॅम सूक्ष्म कण निघतात. पाचोळ्याचे रान ह्या दोहोंच्या दरम्यान धरल्यास हेक्टरी २२ ते ३६ किलो कण झाले. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, तीस किलो म्हणजे किती? एक पोतेही नव्हे. पण हे तीस किलो कण एखाद्या खोऱ्यात १०० मीटर उंचीपर्यंत सारखे पसरले, तर ५०० हेक्टरांवरील हवा ६० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेस भिडेल. धूर एका जागी राहत नाही, वाऱ्याबरोबर विरळ होतो हे खरे. आणि मर्यादाही चोवीस तासांच्या सरासरीची आहे. परंतु एकाच खोऱ्यात एकाच आठवड्यात वीस-पंचवीस ठिकाणी पाचोळा पेटतो तेव्हा हा विरळपणा उरत नाही.

वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पहाटे जमिनीजवळची हवा थंड व जड असते, वरची त्या मानाने उबदार. त्यामुळे झाकण घातल्याप्रमाणे धूर खालीच कोंडतो. मोहफुले वेचण्याचे काम नेमके पहाटे चालते आणि ते करतात बहुतेक स्त्रिया व मुले. रात्री पेटविलेला पाचोळा पहाटेपर्यंत धुमसत असतो. म्हणजे जळण्याची सर्वांत वाईट रीत आणि हवेची सर्वांत वाईट वेळ ह्यांची गाठ त्यांच्याच श्वासाशी पडते. पाचोळा खराट्याने झाडून खड्ड्यात कुजविला अथवा झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतात, जाळावे लागत नाही आणि झाडाखालची कोवळी रोपेही वाचतात. झाडण्यास मजुरी अधिक लागते, ही अडचण मात्र खरी आहे. मोहाची झाडे वाटून घेतलेल्या गावांत घरोघरच्या माणसांनी ती निभावता येते, विखुरलेल्या झाडांच्या बाबतीत जड जाते.

राबाचे तसेच आहे. राब वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवितात व वर मातीचा पातळ थर देतात, ते आग सावकाश चालावी व जमीन खोलवर भाजावी म्हणून. तणांचे बी मारण्याच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे, पण वर केलेल्या हिशेबाप्रमाणे धुराच्या दृष्टीने ती धुमसती आग होय. शेण व अर्धवट ओले टहाळे असले तर धूर आणखी वाढतो. चारसूत्री पद्धतीत गिरणीकडील भाताच्या तुसाची काळी राख गादीवाफ्यात मिसळतात व रोपे राबाशिवाय तयार करतात. ऐनाची झाडेही त्यायोगे ओरबाडली जात नाहीत. ज्यांना ह्या वर्षी राब सोडणे शक्य नाही त्यांनी निदान माल कडकडीत वाळवावा, राबाचे क्षेत्र रोपास लागेल तेवढेच ठेवावे आणि पहाटे किंवा दिवेलागणीस न पेटविता सकाळी ऊन चांगले चढल्यावर पेटवावे, म्हणजे धूर वर निघून जाईल. दम्याचे रोगी, गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांना त्या दिवशी राबापासून दूर ठेवावे.

ग्रामसेवकाने ह्या कामाची एक वही ठेवावी. तीत दिनांक, जागा, गुंठ्यांत क्षेत्र, पेटविण्याची व विझण्याची वेळ, वारा कोणत्या दिशेचा, आगीपूर्वीचे व नंतरचे वजन आणि आग भडकून जळाली की धुमसत, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. एक हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे धरावे. आजकाल मिळणारी हाताएवढी कणमापक यंत्रे वापरावयाची झाल्यास एक ध्यानात ठेवावे, दमट हवेत ती पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात व आकडा फुगवितात. म्हणून धुक्याच्या सकाळची नोंद वेगळी खूण करून लिहावी. दोन्ही वेळचे वजन एकाच तराजूवर करावे, आणि तो तराजू पहिल्या मोजणीपूर्वी दुकानातील प्रमाणित वजनाशी पडताळून घ्यावा.